त्रिपुरसुंदरी आणि शाळेचा चेलो

पियानो आणि चेलो शिकवणाऱ्या मिसेस रोझारिओ ऑस्ट्रेलियाला जाणार हे मद्रासमधल्या वेपेरीच्या त्या मुलींच्या शाळेत सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांच्याबरोबर चेलोचा, म्हणजे जमिनीवर टेकवून वाजवायच्या त्या भल्या मोठ्या व्हायोलिनचा, वर्गही जाणार, हे मात्र जूनमधल्या एका सोमवारी कळलं. मुख्याध्यापिका मिस ज्ञानमणी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "पियानोला दुसऱ्या बाई मिळाल्या. चेलोला अख्ख्या मद्रासमध्ये कोणी मिळत नाही. जे दोघे-तिघे वाजवतात ते कोडंबाक्कमच्या सिनेमा स्टुडिओंत असतात, ते शाळेत कशाला येतील? वर्ग बंद करू. वाद्य एका क्लबाला हवं आहे, त्यांना देऊन टाकू."

१९५८ साल होतं. खिडकीशी बसून त्रिपुरसुंदरी डब्यातला दहीभात खात होती. ती शाळेत गाणं शिकवायची. म्हणजे सकाळची प्रार्थना, समारंभाची गाणी, आणि ज्या मुलींच्या आयांना हौस होती त्यांना कर्नाटक संगीताचे पहिले धडे. तंजावरकडच्या मराठी घरात जन्मलेली, लग्न होऊन मद्रासला आलेली, तेहतीस-चौतीस वर्षांची बाई. उंच, रुंद खांद्यांची. हातही तसेच मोठे. लहानपणी वीणा शिकायला पाठवलं तेव्हा गुरूंनी तिची बोटं बघून वडिलांना सांगितलं होतं, "हिला गाऊ दे. हे हात वीणेचे नव्हेत." ती गायला शिकली. गळा सुरेल होता, पण मैफलीत बसून गावं असा नव्हता. ते तिला लवकरच समजलं आणि त्याबद्दल ती कुढत बसली नाही. तिला नोकरी मिळाली, ती नोकरी तिने मन लावून केली.

चेलो तिने भिंतीपलीकडून ऐकला होता, एवढाच तिचा त्याच्याशी संबंध.

डबा धुवायला ती नळाकडे निघाली तेव्हा संगीताच्या खोलीत सरोजिनी दिसली. नववीतली मुलगी, लांब वेण्या, अबोल. खुर्चीत बसून तिने चेलोला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. गज खाली जमिनीवर पडला होता.

"घंटा झाली," त्रिपुरसुंदरी म्हणाली.

"हो, टीचर."

"मग उठत का नाहीस?"

"आता सोडला तर परत मिळणार नाही. म्हणून धरून बसलेय."

त्रिपुरसुंदरी दारातच थांबली. "परीक्षा कधी आहे तुझी?"

"नोव्हेंबरात. लंडनचे परीक्षक येतात तेव्हा. तिसरी ग्रेड. मिसेस रोझारिओ म्हणतात मी नक्की पास होईन. पण शिकवणारं कोणी नसलं तर शाळा नाव पाठवत नाही."

ती रडत नव्हती. रडली असती तर त्रिपुरसुंदरीने तिची समजूत घातली असती आणि वर्गावर गेली असती. पण त्या मुलीने वाद्य सोडलं नाही, आणि नळाकडे निघालेली त्रिपुरसुंदरी उष्टा डबा हातात घेऊनच मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली.

"चेलो मी शिकवीन," ती म्हणाली.

मिस ज्ञानमणींनी आधी डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्हाला येतो?"

"नाही. शिकेन."

"त्रिपुरसुंदरी, ते लोक लहानपणापासून शिकतात. आणि त्यांचं संगीत वेगळं, ते लिहून वाचायचं असतं. तुम्हाला ते वाचता येतं?"

"तेही शिकेन. मिसेस रोझारिओ अजून महिनाभर आहेत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नोव्हेंबरानंतर क्लबाला द्या. क्लब काही पळून जात नाही."

मिस ज्ञानमणी कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी थोडा विचार केला आणि एक अट घातली. सरोजिनीबरोबर त्रिपुरसुंदरीनेही परीक्षेला बसायचं, पहिल्या ग्रेडला. "शिक्षिकेनं निदान एक परीक्षा दिलीय, एवढं तरी मला पालकांना सांगता आलं पाहिजे."

"बसते," त्रिपुरसुंदरी म्हणाली. त्या परीक्षेला आठ-नऊ वर्षांची मुलं बसतात हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी तिने हेच उत्तर दिलं असतं.

मिसेस रोझारिओंनी तिचे हात पाहिले आणि त्या खूश झाल्या. "हे हात कुठे लपवले होते इतके दिवस? चेलोला असेच लागतात." कोणीतरी तिच्या हातांना चांगलं म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. पण त्यांचा आनंद फार टिकला नाही. पहिली अडचण लुगड्याची. चेलो दोन्ही गुडघ्यांत धरावा लागतो, आणि शाळेत नेसायची सहावारी साडी ताणली जाऊन घोट्यांवर चढायला लागली. त्रिपुरसुंदरी दुसऱ्या दिवशी नऊवारी नेसून आली. कासोटा घातलेल्या लुगड्यात खुर्चीवर हवं तसं बसता येत होतं. शाळेतल्या तरुण शिक्षिकांना हसू आवरेना, कारण नऊवारी तोवर घरातल्या म्हाताऱ्यांची झाली होती. "आज श्राद्ध आहे का घरी?" एकीने विचारलं. "चेलो आहे," त्रिपुरसुंदरी म्हणाली आणि पुढे गेली.

दुसरी अडचण गळ्यातून हातात उतरली होती. तिचा कान इतका पक्का की बोट रेसभर चुकलं तरी तिला कळायचं. पण कर्नाटक संगीतात वाढलेल्या माणसाला स्वर नुसता उभा ठेवणं माहीत नसतं. तिचं बोट तारेवर टेकलं की आपोआप डोलायचं, गमक यायचं. मिसेस रोझारिओ हातातली पेन्सिल खाली ठेवायच्या.

"हलवू नका. नुसता वाजवा."

"नुसताच तर वाजवलाय."

"तुम्ही त्याला पाळण्यात घालता आहात. त्याला उभा राहू द्या."

त्रिपुरसुंदरी पुन्हा वाजवायची. पुन्हा बोट डोलायचं. महिना संपत आला तेव्हा तिला गज सरळ ओढता येत होता, खुंट्या पिळून तारा लावता येत होत्या, गजाला राळ किती लावायची ते समजलं होतं. पण स्वर काही उभा राहत नव्हता. आणि पाच ओळींवरचे ते काळे ठिपके तिला अजून मुंग्यांसारखेच दिसत होते. बंदरावर निरोप द्यायला शाळेतल्या चौघीजणी गेल्या. बोटीच्या शिडीशी मिसेस रोझारिओंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "सरोजिनीला वाचता येतं. तुम्हाला ऐकता येतं. दोघी मिळून एक शिक्षिका पुरी होते."

तसंच चाललं. शाळा सुटल्यावर दोघी संगीताच्या खोलीत बसायच्या. सरोजिनी वाजवायची आणि त्रिपुरसुंदरी डोळे मिटून ऐकायची. "तिसऱ्या बोटाचा स्वर चढलाय. नाही, अजून. आता बरोबर." मग जागा बदलायच्या. सरोजिनी पुस्तकातल्या ठिपक्यांवर बोट ठेवायची. "टीचर, हा कुठला?" त्रिपुरसुंदरी ओळी मोजायची, पुटपुटायची, चुकायची. विद्यार्थिनीपुढे चुकणं तिला सुरुवातीला फार जड गेलं. सरोजिनी हसत नाही, हे तिने पाहिलं आणि मग तिला त्याचं काही वाटेनासं झालं. दोन लहान मुलीही, वसंता आणि विद्युलता, त्याच सुमारास वर्गात आल्या. त्यांना गज धरायला शिकवताना तिच्या लक्षात आलं की जे आपल्याला कालच कळलं ते शिकवायला सगळ्यात सोपं जातं.

नवरात्राच्या सुट्टीत शाळा बंद राहणार होती. इतके दिवस हात थांबवणं परवडणारं नव्हतं. तिने परवानगी काढली आणि चेलो कापडी खोळीत घालून घरी नेला. एग्मोरपर्यंत रिक्षा, तिथून मांबळमला विजेची गाडी. बायकांच्या डब्यात सगळ्यांनी पाय आवरून घेतले. "आजारी आहे का कोणी?" एका म्हातारीने खोळीकडे बघून विचारलं.

घर पश्चिम मांबळमला होतं. नवरा गुरुमूर्ती रेल्वेच्या कचेरीत कारकून, शांत स्वभावाचा, भांडणाला घाबरणारा. मूल नव्हतं, तो विषय घरात केव्हाच बंद झाला होता. आणि होत्या सासूबाई, सईबाई. त्या अजून तंजावरच्या जुन्या मराठीत बोलत, आणि त्या मराठीत नाही म्हणाल्या म्हणजे नाही. पुढच्या खोलीत पायऱ्यापायऱ्यांचा कोलू मांडलेला होता, बाहुल्या, कलश, हळदीकुंकवाचं तबक. सईबाईंनी दारातच हात आडवा केला.

"हें काय गे आणलीस? मनुष्य गुंडाळून आणल्यावाणी दिसतें."

"वाद्य आहे, अम्मा. शाळेचं."

"तारा कसल्या त्यास?"

त्रिपुरसुंदरीला खोटं बोलता येत नसे. "दोन आंतड्याच्या आहेत, वर तार गुंडाळलेली."

"अय्यो! आंतडें! आणि तें कोलूपुढें आणतेस?"

गुरुमूर्ती आतून आला. एरवी तो अशा वेळी पंचा शोधायला परसात जायचा. पण त्या दिवशी त्याने आईलाच विचारलं, "अम्मा, मृदंगास कातडें असतेंच की. तें काय झाडास लागतें?"

"मृदंग रामापुढें वाजतो," सईबाई म्हणाल्या. "हें कोणापुढें वाजतें? तें सांग मज."

शेवटी गुरुमूर्ती पंचा शोधायला निघालाच. चेलो परसातल्या लाकडं ठेवायच्या खोलीत गेला. त्रिपुरसुंदरी रोज स्वयंपाक उरकून तिथे जाऊन बसायची. खोलीला एक झरोका होता, खाली शेणाने सारवलेली जमीन, आणि डास इतके की डावा हात तारेवर असताना उजव्या हाताने गज सोडून पाय झोडावे लागत. पुढच्या खोलीत हळदीकुंकवाला आलेल्या बायका कोलूपुढे गाणी म्हणायच्या. मागे ती एकच स्वर लांब ओढत असायची आणि तो एकच स्वर डोलत असायचा.

सुट्टी संपायच्या आदल्या दुपारी पुढे कोणी बाई गायला बसली. तिने आधी षड्ज लावला. तंबोऱ्याशिवाय, नुसता गळ्याने, सरळ. त्रिपुरसुंदरीचा गज थांबला. सगळे स्वर हलवतो आपण, पण सा हलवत नाही. पंचमही नाही. ते दोन अचल आहेत, असं लहानपणी पहिल्याच धड्यात शिकवलेलं. तिने दुसऱ्या तारेवर पहिलं बोट ठेवलं आणि स्वतःला सांगितलं, हा सा आहे. बोट हललं नाही. मग पुढचं बोट ठेवलं. आता हा सा. मग त्याच्या पुढचं. प्रत्येक वेळी आधीचा सा विसरायचा आणि नव्याने षड्ज लावायचा. डोकं शिणून गेलं, पण सगळे स्वर एकामागून एक उभे राहिले. तिला इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. बाहेर विहिरीशी गुरुमूर्ती पाय धूत होता. तिने त्याला हाक मारली आणि वाजवून दाखवलं.

"सरळ वाजतें आतां," तो म्हणाला.

"होय ना? मजही वाटतें."

"पूर्वी गोड वाटायचें, पण," तो प्रामाणिकपणे म्हणाला. ती हसली आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागली.

दीपावली झाली, ईशान्येचा पाऊस लागला, आणि परीक्षा तोंडावर आली असताना शाळेत सरोजिनीच्या हातात वरची तार तुटली. सटकन आवाज आला आणि तिच्या गालावर लाल रेघ उठली. जादा तार नव्हती. माउंट रोडच्या वाद्यांच्या दुकानात मालकाने हात वर केले. बाहेरचा माल येणं सरकारने आवळलं होतं. व्हायोलिनच्या तारा होत्या, चेलोच्या नव्हत्या. कलकत्त्याला लिहिलं तर महिना लागेल.

"मग आता, टीचर?" सरोजिनीने विचारलं.

"बाकीच्या तीन तारांवर जितकं होतं तितकं वाजव. उद्या तार येईल."

कुठून येणार ते तिला माहीत नव्हतं. घरी जाताना गाडी कोडंबाक्कमला थांबली आणि मिस ज्ञानमणींचं जूनमधलं बोलणं तिला आठवलं, चेलो वाजवणारे इथल्याच स्टुडिओंत असतात. तिचं स्टेशन पुढचं होतं. ती तिथेच उतरली.

चार माणसांना विचारत विचारत ती एका स्टुडिओच्या फाटकापाशी पोचली. पाऊस भुरभुरत होता. पहारेकऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नऊवारी, हातात छत्री, खांद्याला पिशवी. "सिनेमात आईचं काम हवं असेल तर उद्या सकाळी या," तो म्हणाला.

"मला काम नको. इथे चेलो कोण वाजवतं, त्यांना भेटायचं आहे."

"आत रेकॉर्डिंग चालू आहे."

"थांबते."

ती फाटकाच्या आडोशाला उभी राहिली. गाड्या आत-बाहेर जात होत्या. काचेआडून लोक बघत होते. आपल्या ओळखीचं कोणी जाऊ नये, असं तिला वाटलं, आणि ते वाटल्याचा तिला रागही आला. दिवे लागायच्या सुमारास वाद्यवृंदाची माणसं बाहेर पडली. पहारेकऱ्याने एका जाड भिंगांच्या चष्म्याच्या, पन्नाशीच्या माणसाकडे बोट दाखवलं. त्याचं नाव नारायणस्वामी.

त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही शिकवता? कोणाकडे शिकलात?"

"मिसेस रोझारिओंकडे. एक महिना."

"एक महिना!" तो मोठ्याने हसला. "मी सात वर्षं एका बँडमास्तरच्या छड्या खाल्ल्या आहेत, बाई."

"मला छड्या चालतील," त्रिपुरसुंदरी म्हणाली. "पण आत्ता तार हवी आहे. मुलीची परीक्षा जवळ आली."

त्याचं हसणं थांबलं. तो तिला कँटीनच्या पडवीत घेऊन गेला, आपला चेलो पेटीतून काढला आणि तिला एका बाकावर बसवून म्हणाला, "वाजवा. काय वाटेल ते." तिने पहिल्या ग्रेडचा धडा वाजवला. चहा पिणारी दोन-चार माणसं वळून बघू लागली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. अर्ध्यावर नारायणस्वामीने तिचं उजवं कोपर वर उचललं. "इथून. हाताचं सगळं वजन गजावर येऊ द्या. तुम्ही उचलून धरता आहात, जसं काही ते दुसऱ्याच्या मालकीचं आहे." तिने तसं केलं आणि आवाज एकदम भरून आला.

पेटीच्या कप्प्यातून त्याने गुंडाळलेली तार काढली. "वापरलेली आहे. जपून लावा, एकदम पिळू नका. आणि परीक्षेनंतर त्या मुलीला रविवारी माझ्या घरी पाठवा. तुम्हीही या."

घरी पोचायला उशीर झाला होता, पण तार पिशवीत होती. दुसऱ्या दिवशी सरोजिनीने ती लावलेली पाहिली आणि पहिल्यांदा खूप बोलली.

संध्याकाळी घरी मात्र वेगळीच बातमी पोचली होती. समोरच्या मामींच्या भावाने तिला स्टुडिओच्या फाटकापाशी पाहिलं होतं. सईबाई तुळशीपाशी बसून होत्या.

"सिनेमांत जाणार काय गे तू?"

"नाहीं, अम्मा. तार आणायला गेलें होतें."

"लोक तार बघत नाहींत. लोक फाटक बघतात."

त्रिपुरसुंदरी पाय धुऊन आत गेली. तिथे गुरुमूर्तीने हळूच विषय काढला. कचेरीतही कोणी काहीतरी बोललं असावं. "त्रिपुरा, ही परीक्षा जाहली की सोडशील काय हें?"

"ही जाहली की दुसरी ग्रेड."

"आणि मग?"

"मग तिसरी. सरोजिनी तोंवर पांचवीस पोंचेल." ती त्याच्यासमोर बसली. "पाहा, मी तुमच्यापाशीं कधीं कांही मागितलें नाहीं. आतांही मागत नाहीं. पण हें सोडायला सांगूं नका. सांगितलेंत तरी मी सोडणार नाहीं, आणि मग तुम्हास वाईट वाटेल."

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग विचारलं, "परीक्षा कोठें आहे?"

"एग्मोरला. चर्चच्या हॉलांत."

"मी रजा घेतों. तें ओझें तूं एकटी कशी नेशील?"

परीक्षेच्या दिवशी हॉलबाहेरच्या बाकांवर फ्रॉक आणि पांढरे मोजे घातलेली मुलं आयांना चिकटून बसली होती. त्यांच्यामध्ये तपकिरी नऊवारीतली त्रिपुरसुंदरी. शेजारच्या मुलीने तिला विचारलं, "तुमची मुलगी आत गेली का, मामी?" "मीच जाणार आहे," ती म्हणाली. सरोजिनी आधी जाऊन आली. तिचा चेहरा बघूनच कळलं की चांगलं झालं. मग त्रिपुरसुंदरीचं नाव पुकारलं गेलं. परीक्षक, एक लांब हातांचे म्हातारे इंग्रज, दाराकडे बघत राहिले. तिच्या मागून कोणी लहान मूल येईल, असं त्यांना वाटलं असावं.

सप्तकं तिने निर्मळ वाजवली. पियानोवर वाजवलेला तुकडा ऐकून म्हणून दाखवायचा होता. तो तिने असा म्हटला की त्यांनी पेन थांबवून वर पाहिलं आणि त्याहून लांब, अवघड एक तुकडा नुसत्या उत्सुकतेने वाजवला. तोही तिने म्हटला. पहिला धडा बरा गेला. दुसऱ्या धड्यात मात्र मधेच ओळ हरवली. ती थांबली, पुन्हा सुरुवातीपासून सुरू केला आणि त्याच जागी पुन्हा थांबली. मग त्यांनी पूर्वी न पाहिलेलं एक पान पुढे ठेवलं. ते वाचून तिथल्या तिथे वाजवायचं होतं. ठिपके पुन्हा मुंग्या झाले. तिने चार स्वर वाजवले आणि गज खाली घेतला. "हे मला अजून येत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "पुढच्या वर्षी येईल." परीक्षकांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

निकाल जानेवारीत आला. सरोजिनी चांगल्या गुणांनी पास. त्रिपुरसुंदरी थोडक्यात नापास. मिस ज्ञानमणींनी तिला बोलावून घेतलं तेव्हा बातमी शिक्षकांच्या खोलीत आधीच पोचली होती.

"आता मी पालकांना काय सांगू?" मिस ज्ञानमणींनी विचारलं.

"खरं ते. की बाई वाचनात नापास झाल्या आणि पुन्हा बसणार आहेत. आणि ज्या मुलीला त्या शिकवतात ती पास झाली."

"ती मिसेस रोझारिओंनी तयार केलेली होती."

"जुलैपर्यंत. जुलैनंतर तिचा स्वर कोणी लावून घेतला? तिला विचारा." त्रिपुरसुंदरीचा आवाज चढला नव्हता, पण तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. "मॅडम, मी नापास झाले त्याची मला लाज वाटते. पण वर्ग बंद झाला तर शिकायचं राहूनच जाईल, माझंही आणि त्यांचंही. वसंता आणि विद्युलता यंदा पहिल्या ग्रेडला तयार होतील. मी त्यांच्याबरोबर बसेन. त्यांच्या आयांना हे चालत नसेल तर त्यांनी मला येऊन सांगावं."

मिस ज्ञानमणींनी निकालाचा कागद पुन्हा एकदा वाचला. परीक्षकांनी खाली एक ओळ लिहिली होती, की या उमेदवाराइतका अचूक कान या दौऱ्यात दुसरा आढळला नाही. त्यांनी कागद घडी करून तिच्या हातात दिला. "वर्ग सुरू राहू दे. पण वाचनाचं काहीतरी करा."

घरी सईबाई दारातच होत्या.

"नापास जाहलीस म्हणे."

"होय, अम्मा."

"पुनः बसणार?"

"बसणार."

सईबाई दारातून बाजूला झाल्या. "सरी, बरें," त्या म्हणाल्या. "मागल्या खोलींत ओल आहे. सुट्टींत आणशील तें, तर पुढें ठेव. नवरात्र आलें कीं मात्र उचलायचें." आणि त्या आत निघून गेल्या. याहून जास्त त्या त्याबद्दल कधीच बोलल्या नाहीत.

त्या वर्षी त्रिपुरसुंदरीने वाचनाचा पिच्छा पुरवला. सकाळच्या गाडीत ती पुस्तक उघडून बसायची आणि ओठांत स्वर म्हणायची. रविवारी सरोजिनीला घेऊन नारायणस्वामीकडे जायची. गुरुमूर्ती बरोबर असायचा आणि पडवीत पेपर वाचायचा. नारायणस्वामी तिच्यासमोर कुठलंही पान धरायचा आणि पाच मोजायचा. पाच मोजून झाले की ती सुरू करायची, चुकली तरी थांबायचं नाही हा नियम होता. सुरुवातीला ती चुकतच जायची. पावसाळ्यापर्यंत ती चुका करत का होईना, शेवटपर्यंत पोचायला लागली. मग चुका कमी होत गेल्या.

नोव्हेंबरात एग्मोरच्या हॉलबाहेर तिच्या एका बाजूला वसंता आणि दुसऱ्या बाजूला विद्युलता बसली होती. "आधी कोण जाणार?" विद्युलताने विचारलं, आणि रडू लागली.

"मी जाते," त्रिपुरसुंदरी म्हणाली. "बाहेर आले की आत काय काय झालं ते सांगते. मग तुम्हाला भीती राहणार नाही."

परीक्षक या वेळी दुसरे होते. त्यांनी शेवटी वाचनाचं पान पुढे ठेवलं. तिने मनात पाच मोजले, गज तारेवर टेकवला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न थांबता वाजवून काढलं. दोन जागा चुकल्या. कुठल्या ते तिला वाजवतानाच कळलं. ती बाहेर आली, मुलींच्या मध्ये बसली आणि त्यांना सगळं सविस्तर सांगितलं, चुकलेल्या दोन जागांसकट.

तिघीही पास झाल्या. निकाल लागला त्या दिवशी मिस ज्ञानमणींनी शाळेच्या पत्रिकेत नावं द्यायची म्हणून विचारलं, "तुमचं नाव विद्यार्थिनींच्या यादीत घालू की शिक्षकांच्या?"

"दोन्हीकडे घाला," त्रिपुरसुंदरी म्हणाली. "आणि दुसऱ्या ग्रेडचं पुस्तक मागवायचं आहे."

मग ती वर्गावर गेली. दार उघडंच होतं, चेलो कोपऱ्यात उभा होता, आणि शिकायला येणाऱ्या नव्या दोन मुलींची नावं फळ्यावर लिहिलेली होती.